सरपंचबाईंचा राहिलेला पेपर

मालनकाकू वाचल्याशिवाय सही करत नाहीत. ऐकायला हे साधं वाटतं, पण सहीच्या रांगेत त्यांच्या मागं उभं राहून बघा.

रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या अभ्यासकेंद्रावर हजेरीचा कागद फिरतो. नाव शोधायचं, समोर सही ठोकायची आणि कागद पुढं सरकवायचा. माणशी चार सेकंदांचं काम. मालनकाकूंकडं कागद आला की त्या आधी पिशवी उघडतात. पिशवीतून चष्म्याचं घर, घरातून चष्मा. चष्मा पदरानं पुसतात, डोळ्यांवर चढवतात आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागतात. विद्यापीठाचं नाव, केंद्राचा क्रमांक, बी.ए. तृतीय वर्ष, विषय लोकप्रशासन, संपर्कसत्र चौथं. मग क्रमांकवार सगळ्यांची नावं. त्यांच्या मागं एक निवृत्त सुभेदार असतात. फौजेतून आले तरी हिंदी सुटलेली नाही. ते घड्याळ बघत म्हणतात, "काकू, हाजिरी हाय ही, खरेदीखत न्हाई. दस्तखत करो, आगे बढो."

"करती की. पर काय लिवलंय ते बघू आदी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा अशाच वाचत असताना मधेच थांबल्या. "सर, ह्या पोराची सही हाय. पर हा तर आलाच न्हाई." त्या दिवशी आमच्या केंद्रात चार न आलेली माणसं हजर असल्याचं उघडकीला आलं. त्या कागदाखाली ‘वरील माहिती तपासली’ असं छापलेलं असतं आणि तिथं मी सही करतो. बावीस वर्षं करत आलोय. "तुमी तपासलं का, सर?" असं त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत तर त्यांनी कहर केला. उत्तरपत्रिका हातात आल्यावर मुलं प्रश्नांवर तुटून पडली. काकू मुखपृष्ठावरच्या सूचना वाचत बसल्या. पर्यवेक्षक सहीसाठी कागद घेऊन आले तर म्हणाल्या, "आवं साहेब, हितं लिवलंय, वळख पटंल अशी कुठलीबी खूण करू नये. आन् तुमी सही मागताय. सही म्हंजे वळखच की!" पर्यवेक्षकांनी मुख्य पर्यवेक्षकांना बोलावलं. मुख्य पर्यवेक्षकांनी तो नियम जन्मात पहिल्यांदा वाचला. ओळख लपवायची ती उत्तरपत्रिकेवर आणि सही करायची ती वेगळ्या कागदावर, हे पटवेपर्यंत वीस मिनिटं गेली. तरीही काकू त्या पेपरात पास झाल्या.

त्यांच्या फोनवर वर्गाचा ग्रुप नाही. ॲप उतरवून देऊन मुलांना तीन वर्षं झाली, पण ‘मला मान्य आहे’ हे बटण त्यांनी अजून दाबलेलं नाही. "अटी वाचून व्हायच्यात," म्हणतात. त्यामुळं संपर्कसत्राची तारीख बदलली की मला त्यांना वेगळा फोन करावा लागतो.

माझ्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. सांगलीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि रविवारी त्याच कॉलेजच्या मागच्या इमारतीत दूरशिक्षणाचे वर्ग घेतो. जिन्यावर ट्यूबलाइट नाही. वाऱ्याची दिशा बदलली की मार्केट यार्डातल्या हळदीचा वास वर्गात येतो आणि फळ्याजवळ शिंका सुरू होतात. पटावर चाळीस, समोर दहा-अकरा. त्यातले निम्मे पदवीची अट असलेल्या बढतीसाठी आलेले, उरलेले लग्नाच्या बायोडेटात बी.ए. लिहिता यावं म्हणून. लोकप्रशासन शिकायला म्हणून आलेलं माणूस बावीस वर्षांत मी एकच बघितलं. वय सत्तावन्न, गाव उंब्रजपासून आत सात किलोमीटर, पूर्वीचं शिक्षण सातवी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, मग बारावी आणि मग आमच्याकडं.

वर्गात त्या पहिल्या बाकावर बसायच्या आणि शिकवलेलं सगळं जागच्या जागी घरावर लावून बघायच्या. मी नियंत्रणकक्षा शिकवत होतो, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हाताखाली किती माणसं असावीत. काकूंनी हात वर केला. "सर, म्हशी धरून का सोडून?"

आदेशाची एकता शिकवली, म्हणजे हाताखालच्या माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाचा असावा, तेव्हा काकूंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्या घरात ही लय हाय. आदेश एकच. आबा भावजींचा." आबा म्हणजे त्यांचे धाकटे दीर. नवरा सज्जन, पण त्याचं जग गोठ्यात सुरू होऊन गोठ्यातच संपणारं. वर्ग हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मुलं त्यांना ‘सरपंच’ म्हणायची. चिडवायला नव्हे, त्या खरंच पाच वर्षं गावच्या सरपंच होत्या. त्यामुळं तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पेपरात पहिला नंबर कुणाचा ते आताच ठरलंय.

त्या पेपरात काकू नापास झाल्या.

पुन्हा बसल्या, पुन्हा नापास. बाकी सगळे विषय सुटले, हाच एक राहिला. मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येत नाही. बहुधा माझाच अंदाज चुकल्याचा. एका रविवारी सत्र संपल्यावर मी त्यांना थांबवलं. मार्च संपत आला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर जरा वारा यायचा, तिथं आम्ही चहा घेऊन बसलो.

"काकू, प्रश्न काय होता? सरपंचाचे अधिकार आणि कर्तव्ये स्पष्ट करा. दोन्ही वेळा हाच. बाकीची मुलं पाठ करून लिहितात. तुम्ही तर केलंय ते काम."

"व्हय."

"मग काय लिहिलंत?"

"काय बी न्हाई. कोरं ठेवलं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो प्रश्न आला की हात चालत न्हाई, सर. पुढलं बी सगळं ऱ्हातं."

खाली सुभेदार गाडीला किक मारत होते. गाडी गेली आणि मग काकूंनी सांगायला सुरुवात केली.

गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा आबांनी घरातली बाई उभी केली. निवडून आल्यावर हार आबांनी घातला आणि पंचायत घरात आली. ग्रामसेवक कागद घेऊन पुढच्या सोप्यात बसायचे, आबा वाचायचे, बोलणी व्हायची आणि मग आत स्वयंपाकघरात काकूंना हाक यायची. "पाच वर्सांत आबांनी मला दोनच शबुद सांगितलं, सर. ‘वैनी, हितं.’ बोट ठिवायचं, म्या सही करायची. पिठाच्या हातानं सह्या केल्यात. वाचता येत न्हवतं असं न्हाई. सातवी झाली हुती माझी. वाचलं न्हाई."

गावात एस.टी. थांब्याजवळ शकुंतला नावाच्या बाईची पत्र्याची टपरी होती. आत एक शिलाई मशीन. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, गावाचे झंपर-परकर शिवून पोट भरायची. ती आणि मालनकाकू दोघी रहिमतपूरच्या. एका गल्लीत वाढलेल्या, एका शाळेत गेलेल्या आणि योगायोगानं एकाच गावात दिलेल्या. दर नागपंचमीला दोघी मिळून माहेरी जायच्या. एकीला घेतल्याशिवाय दुसरी निघायची नाही.

त्या थांब्याजवळ पंचायतीचे गाळे बांधायचं ठरलं. पहिला गाळा आबांच्या पोराला. मधे टपरी येत होती. ती अतिक्रमणात असल्याचा ठराव झाला आणि सोप्यातून हाक आली, वैनी, हितं.

"नोटीस टपरीला चिकटवली हुती. शकूनं ती सोलून आणली. दुपारी माज्या दारात हुबी. म्हनली, मालन, खाली नाव तुजं हाय." काकू जिन्याच्या पायऱ्यांकडं बघत होत्या. "आन् म्या काय म्हनावं? म्हनलं, मला न्हाई गं म्हाईत. कुनी बी शिक्का मारत्यात पंचायतीत. सर, सही माजी हुती. माज्या नावातला म मी गाठ मारून काढती, तसा कुनी काढत न्हाई. आन् मी तिच्या तोंडावर म्हनलं, न्हाई म्हाईत."

चौथ्या दिवशी जेसीबी आला. मशीन बाहेर काढायला अर्धा तास द्या, असं शकुंतला म्हणत होती. ते कुणी ऐकलं नाही की ऐकू आलं नाही, हे काकूंना माहीत नाही. त्या घरात होत्या. दार लावून. पत्र्याचा आवाज मात्र आला. महिन्याभरात शकुंतला सांगलीला पुतणीच्या आश्रयाला निघून गेली.

"त्यानंतर म्या माहेर केलं न्हाई," काकू म्हणाल्या. "एकटी कशी जानार?"

मला तेव्हा कुठं एक गोष्ट लक्षात आली. कराडला अभ्यासकेंद्र आहे. उंब्रजहून वीस मिनिटांचा रस्ता. काकू ते सोडून, पहाटे सहाला घरातून निघून, कराडला गाडी बदलून तीन वर्षांहून जास्त काळ सांगलीला येत होत्या.

"भेटता त्यांना?"

"दर आयतवारी. यार्डाच्या मागं खोली हाय तिची. मी पायरीवर बसती. ती आत शिवत बसती. दार लावत न्हाई. बोलत बी न्हाई. गाडीची येळ झाली की मी उठती." घरी मात्र वर्ग पाच वाजेपर्यंत असतो असं सांगितलेलं. आबांना शिक्षणाचं कौतुक होतं. वहिनी पदवीधर झाली की पुढच्या राखीव जागेला उभी करता येईल, असा त्यांचा हिशेब.

"इतक्या वर्षांत काहीच बोलला नाहीत?"

"मी बोलती की. आबांनी करायला लावलं, माजा काय विलाज हुता. हेच. दर येळंला हेच."

मी मास्तर माणूस. मास्तरला गप्प राहता येत नाही. मी म्हणालो, "काकू, तो प्रश्न अधिकार आणि कर्तव्यांचा आहे. आबांचा नाही. खरं आहे ते लिहून टाका."

त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. "लिवून काय हुतंय, सर. तिकडं सांगाय पायजे."

पुढच्या रविवारी ऊन इतकं होतं की यार्डापर्यंत चालत जाऊ नका म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेतलं. मला तिथं थांबायचं नव्हतं. पण काकू उतरल्या आणि माझ्या हँडलवरचा हात सोडेनात, म्हणून थांबलो. गुदामांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. तिसऱ्या खोलीचं दार उघडं. आत एक बारीक चणीची बाई साडीला फॉल लावत बसली होती. साडी डोळ्यांच्या इतक्या जवळ धरलेली, की वास घेतेय असं वाटावं. आम्हाला बघितलं की नाही, कळलं नाही.

काकू पायरीवर बसल्या. चप्पल काढून बाजूला लावली. मग वर्गात उत्तर द्यायला उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या.

"शकू, सही माजी हुती."

सुई चालू होती.

"आबांनी बोट ठिवलं हे खरं. पर सही म्या केली. मला वाचाय येत हुतं, म्या वाचलं न्हाई. आन् तू दारात आलीस तवा मी खोटं बोलली." एवढं एका दमात झालं. मग अडखळत, "मशीन काडाय मी यायला पायजे हुतं. मी दार लावून बसली."

शकुंतलाबाईंनी दोरा दातानं तोडला. यार्डात कुणीतरी पोती टाकत होतं, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सही तुजी हाय हे मला तवाच म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा. "तुजा म मी वळखत न्हाई व्हय? पाटीवर हात धरून मीच शिकवला हुता तुला." मग फॉल चाचपत, "टपरी गेली त्याचं काय न्हाई गं. सरकारचीच जागा हुती ती. तू माज्या डोळ्यांत बघून न्हाई म्हनलीस."

"व्हय."

"धा वर्सं लागली तुला."

"व्हय."

काकू रडल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. शकुंतलाबाईंनी साडी पुढं ओढली, मांडीवर घडी घातली आणि आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "ऊन उतरल्याबिगर जाऊ नगंस."

मी स्कूटर ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं सुरू केली.

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. पुढचा रविवार पुन्हा मुका गेला, असं काकूंनी सांगितलं. त्याच्या पुढचाही. घरी आबांना कुणीतरी कळवलं, की वहिनी वर्गाच्या नावाखाली त्या टपरीवालीकडं जाते. त्यांनी सोप्यात बसवून विचारलं. काकूंनी सरळ सांगितलं, व्हय, जाती, आन् पुढच्या राखीव जागेला मी हुबी ऱ्हानार न्हाई. त्या दिवसापासून आबा त्यांच्याशी बोलत नाहीत. घरातलं वातावरण कसं असेल याची कल्पना करावी. नवरा मात्र रविवारी पहाटे गोठ्यातून उठून त्यांना मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला लागला. काही न बोलता.

जूनमध्ये काकू तिसऱ्यांदा पेपरला बसल्या. त्या प्रश्नाखाली काय लिहिलं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

निकाल लागला तो शुक्रवारी. त्रेचाळीस गुण. मी फोन लावला नाही. रविवारी वर्ग नव्हता, तरी सकाळी अकराच्या सुमारास स्कूटर काढून यार्डाच्या मागं गेलो. काकू तिथं असणार हे मला ठाऊक होतं.

त्या पायरीवर नव्हत्या. आत होत्या, भिंतीला टेकून. समोर एक जुनी उशी आणि शेजारी दोऱ्याची रिळं. सुईत दोरा ओवायचा, गाठ मारायची, सुई उशीला टोचायची. लाल, पिवळी, मोरपंखी, पांढरी. वीस-पंचवीस सुया रांगेत उभ्या होत्या. शकुंतलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; फॉलचे टाके हाताच्या अंदाजानं घालता येतात, सुई ओवता येत नाही. आठवडाभर शेजारणींना हाका माराव्या लागायच्या. काकूंनी आता सात दिवसांच्या सुया एकदम ओवून ठेवायला घेतल्या होत्या.

दोघी बोलत नव्हत्या.

मी दारातूनच सांगितलं, "काकू, सुटला पेपर. पदवी झाली तुमची."

काकूंचा हात थांबला. चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर पदर दाबला. मी आलोच आहे तर चार चांगले शब्द बोलावेत म्हणून जुळवत होतो, तेवढ्यात शकुंतलाबाई साडीकडं बघतच म्हणाल्या, "झालं का तिचं शिकून?"

"झालं," मी म्हणालो.

"मग आता येनं संपलं."

मला म्हणाल्या की साडीला, कोण जाणे. काकूंनी चष्मा घाईनं चढवला. "सर, एम.ए. असतंय न्हवं? दोन वर्साचं?"

"असतं. पण आपल्या केंद्रात नाही, काकू. कराडला आहे."

कराडला प्रवेश घेतला तर सांगलीला यायला कारण उरत नाही, हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. खोलीत पंखा नव्हता. हळदीच्या वासानं घसा खवखवत होता. बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मी चौकशी करतो. एखादा सहा महिन्यांचा कोर्स—"

"नगं, सर," काकू म्हणाल्या. "आयतवार तर येतोयच की."

आणि त्या पुन्हा रिळं निवडायला लागल्या. शकुंतलाबाईंनी मांडीवरची साडी जरा उचलली, हातानं चाचपत खालची एक सुई शोधली आणि मान वर न करता ती काकूंच्या दिशेनं पुढं केली.

"ही ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "हिच्यात हिरवा घाल."